बोर्ड लावण्याआधी रजिस्टर बघ

वाचकाचं पत्र:

मी राजापूर तालुक्यातली. यंदा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले, ५८ टक्के. बाबांची आंब्याची थोडी कलमं आहेत, आईची छोटी खानावळ. धाकटा भाऊ बारावीला आहे. पुढच्या शिक्षणासाठी घरून दोन वर्षांत मिळून दीड लाखापर्यंत मिळतील. मला मुलांबरोबर काम करायचंय, जमलं तर हॉस्पिटलात, आणि शेवटी इकडेच परत यायचंय. चित्रकला आवडते, इंटरमीजिएटला ए ग्रेड होती. घरी राहून इग्नूचं मानसशास्त्राचं एम.ए. करायचं ठरवत होते. मामा म्हणतात, बी.एड. कर, कायमची नोकरी लागेल. मैत्रिणीने एक ऑनलाइन डिप्लोमा सुचवलाय: सहा महिने, १८ हजार, मग ‘सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट’ असा बोर्ड लावता येतो म्हणे. शुक्रवारपर्यंत पैसे भरले तर सवलत आहे. आर्ट थेरपीचाही तसाच कोर्स आहे. माझा कुणबी दाखला आहे. काय करू?

उत्तर:

शुक्रवारचा प्रश्न आधी मिटवू. ते १८ हजार भरू नकोस. ही सवलत पुढच्या शुक्रवारीही असते, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

‘सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट’ नावाची कुठलीच पात्रता आपल्याकडच्या कायद्यात नाही. समज, तू तो कागद घेऊन राजापुरात बोर्ड लावलास. पहिल्या आठवड्यातच एखादी आई मुलाला घेऊन येईल: शाळेने सांगितलंय, याचा आयक्यू काढून आणा. मुलाला दिव्यांगत्वाचा दाखला हवा असतो, किंवा दहावीच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लेखनिक. त्यासाठी लागणारा अहवाल नोंदणीकृत तज्ज्ञाचा आणि अधिकृत रुग्णालयातूनच यावा लागतो. तुझा अहवाल परत येणार, आईचे पैसे जाणार आणि मुलाचा फॉर्म भरायची तारीख टळणार. आपल्या मुलांसाठी चाचण्या आहेत. बिने-कामत चाचणी तर कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठीच बेतली, मालिनची चाचणी नागपुरात भारतीय मुलांसाठी तयार झाली. पण चाचणीची पेटी हाताशी असणं वेगळं आणि तिच्यावरून काढलेल्या आकड्याखाली सही करण्याचा अधिकार असणं वेगळं.

मैत्रिणीला वाईट वाटायला नको असेल तर त्या कोर्सवाल्यांना फोन करून तीनच गोष्टी विचार. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं? खऱ्या माणसांबरोबर किती तास काम करायला मिळेल आणि ते कोणाच्या देखरेखीखाली? कोर्स झाल्यावर माझं नाव कोणत्या परिषदेच्या रजिस्टरमध्ये लागेल? तिन्ही प्रश्नांना ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे एकच उत्तर आलं, की समजून जा.

आता इग्नू. तुझा बेत वाईट नव्हता. घरी राहून, कमी फीत एम.ए. करण्याची ही वाट कोकणातल्या कितीतरी मुलींनी धरली. पण ती आता नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. कारण २०२१ चा कायदा, म्हणजे राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक हे सगळे आरोग्यसेवेतले व्यावसायिक म्हणून आले. असं काम पोस्टाने आलेली पुस्तकं वाचून शिकता येत नाही, असा त्यामागचा विचार. तो मला पटतो. गावाकडच्या मुलींची त्यात अडचण झाली, हेही तितकंच खरं. तेव्हा कोणी एजंट ‘दूरस्थ एम.ए. सायकॉलॉजी चालू आहे’ म्हणून जुन्या तारखेचा प्रवेश देऊ लागला, तर फॉर्मसुद्धा घेऊ नकोस.

कोर्सची यादी करण्याआधी एक काम कर. यादी उलट्या टोकाकडून वाच. तुला जिथे बसून काम करायचंय त्या खुर्चीची जाहिरात शोध: जिल्हा परिषदेची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाची, राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. त्यात पात्रतेच्या ओळीत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घे. मग तो शब्द कोणत्या कोर्सने मिळतो ते बघ. बहुतेक मुलं आधी कोर्स करतात आणि मग जाहिरात वाचतात. तिथेच दोन वर्षं वाया जातात.

सर्वांत मोठी गफलत होते ती ‘क्लिनिकल’ या शब्दात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय रजिस्टरमध्ये नाव लागतं. ही परिषद १९९२ च्या कायद्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही याच परिषदेच्या मान्यतेला बांधलेली आहे. विद्यापीठाच्या नेहमीच्या एम.ए.च्या गुणपत्रिकेवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ छापलेलं असलं, तरी तेवढ्यावर नाव लागत नाही. इतकी वर्षं त्यापुढे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. करावं लागे, रुग्णालयातल्या कामासकट. एम.फिल. ही पदवीच आता बंद झाली. या विषयाला आणि मनोविकार समाजकार्याला तेवढी २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुभा होती. यापुढची वाट परिषदेच्या मान्यतेच्या अभ्यासक्रमांची. कोणत्या संस्थेला, कोणत्या कोर्ससाठी, कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत मान्यता आहे, याची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. संस्थेच्या माहितीपत्रकातला ‘आरसीआय मान्यताप्राप्त’ हा शिक्का गेल्या वर्षीचा असू शकतो. यादीत संस्थेचं नाव आणि वर्ष दोन्ही जुळलं पाहिजे, नाहीतर पदवी मिळते आणि नोंदणी अडते.

या वाटेला जायचं तर एम.ए.ला ५५ टक्क्यांचं लक्ष्य धर. एम.फिल.ला तीच अट होती, प्राध्यापकीच्या नेट परीक्षेलाही खुल्या गटाला तीच आहे, राखीव गटांना ५० ची सूट. तुझे बी.ए.चे ५८ पाहता हे अवघड नाही, पण एम.ए.ला संख्याशास्त्राचा पेपर भल्याभल्यांना खाली खेचतो. आतापासून रोज अर्धा तास त्याला दे.

नियमित एम.ए. करायचंच झालं तर कोकणातून पहिली नजर मुंबईकडे जाते: कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, एस.एन.डी.टी., किंवा देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. टाटा संस्थेला सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते. ती मार्चच्या सुमारास होते, ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. मराठीतून पेपर नसतो. त्यानंतर संस्थेची स्वतःची निवड प्रक्रिया. विभाग निवडताना नाव पाहू नकोस, आत काय होतं ते विचार. नव्या आराखड्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, म्हणजे साधारण १२० तास. हे तास कुठे भरून घेतात? रुग्णालयात, की कुठल्याशा कंपनीच्या एच.आर. विभागात फायली लावून? दर आठवड्याला केस ऐकून चुका सांगणारं कोणी आहे का? चाचण्यांच्या पेट्या विभागात आहेत, की झेरॉक्सवर भागवतात? हे मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना विचार, कार्यालयात नको.

तुझ्या बाबतीत अडतं ते पैशावर. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, हा शासन निर्णय जुलै २०२४ चा. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आणि तोही केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या जागेला. एम.ए. त्यात बसत नाही. एम.ए.ची सरकारी फी फार नसते, पण मुंबईतली खाट, खाणावळ आणि लोकलचा पास दोन वर्षांत दीड लाख कधीच गिळतो. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. ती मिळेल असं धरून हिशेब मांडू नकोस.

मामांचं बी.एड. बघू. मामा आपल्या काळाच्या हिशेबाने बोलतायत. तेव्हा बी.एड. झालं की संस्थेत ओळखीने का होईना, चिकटता येई. आता खासगी अनुदानित शाळांची भरतीही शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते, आणि आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी त्याआधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. तुझी खरी अडचण विषयाची. माध्यमिक शाळेत जागा विषयाची निघते: गणित-विज्ञान, इंग्रजी, मराठी, इतिहास-भूगोल. मानसशास्त्र दहावीपर्यंत विषयच नाही. तो अकरावी-बारावीला आहे. तिथे शिकवायचं तर मानसशास्त्रात एम.ए. आणि वर बी.एड., आणि तालुक्यात हा विषय ठेवणारी कनिष्ठ महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतही बरेचदा तासिका तत्त्वावरचं काम. म्हणून नुसत्या बी.ए. मानसशास्त्रावर साधं बी.एड. करणं मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. दोन वर्षं जातात, ८० टक्के हजेरी, शाळेतल्या वीस आठवड्यांच्या छात्रसेवाकाळात ९० टक्के, आणि शेवटी जाहिरातीतला विषय तुझा नसतो.

पण मामा अर्धे बरोबर आहेत. बी.एड. कर, विशेष शिक्षणातलं.

तू पत्रात हा पर्याय लिहिलाच नाहीस, आणि तुझ्या चारही अटी, म्हणजे मुलं, हॉस्पिटल, घरचं बजेट आणि इकडे परत येणं, त्यात बसतात. विशेष बी.एड. दोन वर्षांचं असतं आणि आरसीआयच्या मान्यतेचं. संपल्यावर परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं, क्रमांक मिळतो, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. प्रवेशाला पदवीचे ५० टक्के पुरतात, राखीव गटाला ४५. कॅपच्या फेरीतून जागा मिळाली तर वर सांगितलेल्या शुल्कमाफीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, करता येतो. पर्याय भरण्याआधी त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव महाडीबीटीच्या यादीत दिसतंय ना, एवढं बघ. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतलीस तर माफी गेली. घरी बसल्याबसल्या कोणी ‘आजच सीट पक्की करा’ म्हणालं, की हे आठव.

नोकरीचं म्हणशील तर, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या जागा भरण्याबाबत निकाल दिला आणि त्यानंतर केंद्राने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ आणि माध्यमिकला १५ मुलांमागे १ असं प्रमाण ठरवलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या गटामागे एक, अशी ४,८६० पदं निर्माण केली. त्यांतली बरीचशी आधीपासून कंत्राटावर असलेल्या शिक्षकांना सामावण्यात जातात, त्यामुळे उद्याच सगळ्या जागा तुझ्यासाठी मोकळ्या आहेत असं नाही. पण मंजूर पद आणि हंगामी योजना यांत जमीन-अस्मानाचा फरक. या भरतीलाही टीईटीची अट धरून चाल.

आणि हॉस्पिटल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या रचनेत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात ते. अंगणवाडी आणि शाळांच्या तपासणीत ज्या मुलांच्या वाढीत, बोलण्यात, ऐकण्यात अडचण दिसते ती तिथे येतात. तिथल्या पथकात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्या जोडीला विशेष शिक्षकाचं पदही धरलेलं आहे. हे काम राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं, म्हणजे अकरा महिन्यांच्या कंत्राटाचं, मानधनावरचं. कायमचं नाही. पण मुलं, हॉस्पिटल आणि स्वतःचा जिल्हा, तिन्ही एका खुर्चीत.

कोर्स निवडताना प्रकारही निवडावा लागतो: बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता. बदलता येत नाही, म्हणून विचार करून. श्रवणदोष घेतलास तर सांकेतिक भाषा शिकावी लागेल. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या क्षेत्रातली जुनी आणि केंद्र सरकारची आहे, तिथलं प्रशिक्षण चांगलं. इकडे परत यायचं असेल तर बौद्धिक अक्षमता हा प्रकार मला तुझ्यासाठी जास्त उपयोगी वाटतो, कारण गावातल्या शाळेत आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही सर्वाधिक गाठ त्याच मुलांशी पडते आणि तुझं बी.ए.चं वाचन सरळ कामी येतं.

तरीही फॉर्म भरण्याआधी एखाद्या विशेष शाळेत पंधरा दिवस जाऊन बस. मुख्याध्यापकांना साधा अर्ज कर: नाव, शिक्षण, किती दिवस, काय करायला तयार आहे. पहिल्या दिवशी घाबरायला होईल. कोणाची लाळ गळत असते, कोणाला फीट येते, एखादं मूल चावतं. आणि सगळं फार, फार सावकाश चालतं. शर्टाचं बटण लावणं हे आपल्याला एक काम वाटतं. इथे ते सात-आठ टप्प्यांत फोडतात: काज चिमटीत धरणं, बटण उभं करणं, कड आत सारणं, पलीकडून पकडणं, ओढून घेणं. आणि शिकवतात शेवटच्या टप्प्यापासून. आधीचं सगळं शिक्षिका करते, मुलाने फक्त शेवटचं ओढायचं, म्हणजे दर वेळी ‘जमलं’ हा अनुभव त्याच्या वाट्याला येतो. ते पक्कं झालं की एक टप्पा मागे. एका बटणाला दोन महिने लागू शकतात. पंधराव्या दिवशी तुला याचा कंटाळा आला असेल तर विशेष बी.एड. करू नकोस, सरळ एम.ए.चा मार्ग धर. त्यात लाज नाही. कंटाळा न येता उत्सुकता वाढली असेल, तर तुझं ठरलं.

इथेच तुझी चित्रकला येते. त्या ए ग्रेडने दहावीला ७ गुण मिळाले असतील, पण तिचा खरा उपयोग पुढे आहे. बोटांत जोर नसलेल्या मुलाला आधी कागद फाडायला, मग माती मळायला, मग जाड खडू मुठीत धरायला द्यायचा. पेन्सिल कितीतरी नंतर. माती विकत आणायला नको, गणपतीच्या शाळेतून शाडूचा गोळा मिळतो. हे हात चित्र काढणाऱ्या माणसाला लवकर कळतात. मात्र एक चूक हटकून होते: मुलाच्या चित्रावरून निदान करणं. घराला दार काढलं नाही म्हणजे मूल एकाकी, सगळं काळं रंगवलं म्हणजे उदास, असलं काही नसतं. कदाचित काळाच खडू शाबूत होता. माणसाचं चित्र काढून घेण्याची चाचणी आहे, तिचं भारतीय मुलांसाठीचं रूप प्रमिला फाटकांनी केलेलं आहे. पण तिथेही डोळे, बोटं, कपडे असे तपशील मोजून गुण देतात, चित्राचा अर्थ लावत बसत नाहीत. आर्ट थेरपिस्टांचा उल्लेख २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, तेव्हा पुढे या विषयाला शिस्त येईल. तूर्त आठवडाअखेरच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन स्वतःला थेरपिस्ट म्हणवू नकोस. आवड म्हणून कार्यशाळा करायला हरकत नाही, शिकायला मिळतंच. सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी कलाशिक्षकाचा रीतसर कोर्स करणं हा वेगळा रस्ता. त्या पदांच्या जागा इतक्या विरळ निघतात, की तुझ्या बाबतीत मी तो सुचवणार नाही.

समाजकार्याचं एम.एस.डब्ल्यू. तू विचारलं नाहीस, पण हॉस्पिटल म्हटलंस म्हणून सांगते. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं. रुग्णाला योजनेचा लाभ मिळवून देणं, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणं, मनोरुग्णाला घरी परत पाठवताना घरच्यांशी बोलणं हे त्यांचं काम. जाहिरातीत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरी तिन्हीकडे २०२१ नंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली, त्यामुळे कोकणात या पदाकडे लक्ष ठेवण्यासारखं आहे. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर आहेच. एवढं खरं, की या कामात मुलांपेक्षा मोठी माणसं आणि कागद जास्त.

समुपदेशनाची ओढ सोडायची नाही. विशेष बी.एड. झाल्यावर, हातात कमाई असताना, नियमित एम.ए. समुपदेशन मानसशास्त्र करता येतं, आणि तेव्हा वर्गात बसलेल्या इतरांपेक्षा तू शंभर मुलं जास्त पाहिलेली असतील. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवरच्या एका निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा असं सांगितलं. सगळ्या संस्था ताबडतोब नेमतील असं समजायचं कारण नाही. पण दोन-चार वर्षांनी रजिस्टरमध्ये नाव आणि एम.ए. दोन्ही असलेली स्थानिक व्यक्ती शोधायची वेळ त्यांच्यावर येईल. दोन्ही कोर्स एकाच वेळी करायचा विचार मात्र नको. दोन पदव्या बरोबर घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी २०२२ पासून आहे, पण बी.एड.ची हजेरी आणि छात्रसेवाकाळ त्यात बसत नाही, आणि मानसशास्त्राचं दूरस्थ एम.ए. तर आता नाहीच.

भाषेचं एक सांगायचंय, कारण हे कोर्समध्ये कोणी शिकवत नाही. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत आहेत, ती वाचावीच लागतील. पण तुझ्यासमोर येणारी आई ‘अँक्झायटी’ म्हणणार नाही. ती म्हणेल, छातीत धडधडतंय, जीव घाबराघुबरा होतो, जेवणावरची वासना गेली. पोरगं बोलत नाही म्हणून देवळात गाऱ्हाणं घालून झालेलं असेल, कोणीतरी ‘बाहेरचं आहे’ सांगितलेलं असेल. यावर हसायचं नाही आणि वादही घालायचा नाही. ‘गाऱ्हाणं घातलंत ते बरं केलंत, आता कानाची तपासणीही करून घेऊ’ एवढं पुरतं. आजपासून एक वही कर. डाव्या पानावर पुस्तकातली संज्ञा, उजव्या पानावर तुमच्या वाडीत लोक त्यासाठी काय म्हणतात ते. मुंबईत शिकून आलेल्या कोणाकडेही ही वही नसेल.

आता वेळापत्रक. बी.एड.ची सीईटी, सामान्य आणि विशेष दोन्हींसाठी एकच, राज्य सीईटी कक्ष मार्चच्या सुमारास घेतो. नोंदणी त्याआधी दोन-तीन महिने. १०० प्रश्न, ९० मिनिटं: मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुलं मागे पडतात ती मानसिक क्षमतेत. रोज वीस गणितं घड्याळ लावून सोडवलीस तर तीन महिन्यांत वेग येतो. यंदाची सीईटी दिली नसशील तर हे वर्ष फुकट गेलं असं समजू नकोस. विशेष शाळेतले पंधरा दिवस, सीईटी, टीईटीचा पहिला प्रयत्न आणि आईच्या खानावळीत हात लावून थोडी शिल्लक, एवढं या वर्षात मावतं. सीयूईटी पीजीचाही फॉर्म भरून ठेव. शाळेत जाऊन मन बदललं तर दार उघडं राहील.

कागदांत नॉन-क्रीमीलेअरच्या मुदतीची तारीख आधी बघ. दाखला असतो, पण मुदत ३१ मार्चला संपलेली असते आणि उमेदवार खुल्या गटात ढकलला जातो. दर वर्षी हे होतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, अधिवास लागतो, आधार बँक खात्याशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटीचे पैसे अडकतात. एस.एन.डी.टी.सारख्या दुसऱ्या विद्यापीठात गेलीस तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते मिळायला वेळ लागतो. निकाल लागला की लगेच अर्ज टाक. सगळं स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि ईमेलवर ठेव, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर. कॅपच्या फेऱ्या नेमक्या जुलै-ऑगस्टात येतात. अर्जुना-कोदवली फुगल्या आणि जवाहर चौकात पाणी आलं की बाजारातलं सेतू केंद्रही बंद, लाइटही जाते आणि मोबाइलची रेंजही. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी अपलोड संपव.